देवाचे मूल असल्याची खात्री आणि अनुभवाची अट

ज्याला अंतःकरणात ठळक अनुभव आला नाही तो देवाचे मूलच नव्हे, असा समज अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत आढळतो आणि त्यासाठी मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक, इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ रोजी लंडनमधील आल्डर्सगेट स्ट्रीटवरील सभेत आलेल्या अनुभवाचा दाखला दिला जातो. प्रत्यक्षात, आरंभी अशाच मताकडे झुकलेल्या वेस्ली यांनी १७६८ मधील एका पत्रात, देवाने आपला स्वीकार केल्याची जाणीव नीतिमान ठरवणाऱ्या (म्हणजे ज्यामुळे माणूस देवापुढे निर्दोष गणला जातो त्या) विश्वासासाठी अनिवार्य आहे असे आपण कित्येक वर्षे मानलेले नाही, हे स्पष्ट केले. दाखला देणारे या पत्राचा उल्लेख क्वचितच करतात. आपण देवाची मुले आहोत अशी साक्ष पवित्र आत्मा देतो, हे बायबलमधील रोमकरांस पत्रात (८:१६) आहेच. परंतु योहानाच्या शुभवर्तमानात (१:१२) देवाची मुले होण्याचा अधिकार ख्रिस्ताच्या नावावर विश्वास ठेवणाऱ्यांना दिलेला असून, भावनेच्या तीव्रतेची अट तेथे घातलेली नाही.