जंताचं औषध पाजण्याआधी मेंढीचा डोळा बघा

मेंढपाळ बंधू-भगिनींनो,

पावसाच्या तोंडावर सगळ्या कळपाला औषध, पाऊस सरल्यावर पुन्हा सगळ्यांना, मध्ये शेजारच्यानं पाजलं म्हणून आणखी एकदा. औषधविक्रेते म्हणून यात आमची विक्रीच होते, तरी कळकळीनं सांगतो, असं करू नका. तेच औषध सरसकट पाजत राहिलं की त्याला न मरणारे जंत तेवढे उरतात, त्यांचीच पैदास वाढते आणि पुढं त्या औषधाचा गुण येत नाही.

मेंढीचा मोठा वैरी म्हणजे पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त पिणारा हिमोंकस जंत. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त घेतो. हजार जंत असतील तर रोज 50 मिली गेलं. मादीची रोजची हजारो अंडी लेंडीतून रानात पडतात. उबदार ओल मिळाली की आठवडाभरात अळी गवतावर चढते, आणि मेंढीनं ते गवत खाल्लं की सुमारे 3 आठवड्यांत पोटात नवा जंत अंडी घालायला लागतो. जत, आटपाडी, माणच्या कोरड्या माळावर उन्हाळ्यात ही अळी तग धरत नाही. मात्र टेंभू-म्हैसाळच्या कालव्याकडेचं, पाझराचं गवत उन्हातही ओलं असतं. तिथं हा जंत टिकतो, आणि पाणगोगलगायीमुळं काळजातला (यकृतातला) चपटा जंतही होऊ शकतो. अशा जागी रोज तेच रान चारू नका.

हिमोंकसमध्ये हगवण लागेलच असं नाही. लेंडी घट्ट असते, मेंढी नुसती मागं पडते आणि एक दिवस आडवी होते. म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालभडक असेल तर औषध नको. फिकट किंवा पांढरी दिसली, जबड्याखाली पाणी उतरलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. कोकरं आणि पाजत्या मेंढ्या आधी बघा, त्या लवकर ढासळतात.

डोस अंदाजानं देऊ नका, मेंढी काट्यावर घ्या. कमी डोसानं जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. बाटलीवरची टक्केवारी तर नक्की वाचा. अल्बेंडाझोल अडीच टक्क्यांचंही मिळतं आणि 10 टक्क्यांचंही. किलोला साडेसात मिलिग्रॅम धरलं तर 30 किलोच्या मेंढीला पहिलं 9 मिली लागतं, दुसरं सव्वादोन मिलीच. इथं घोटाळा झाला तर डोस चौपट होतो. मेंढ्या फळून महिना झाला नसेल तर अल्बेंडाझोल टाळा. गाभण कळपासाठी औषध डॉक्टरांनाच विचारा.

बाजारातून आणलेली मेंढी थेट कळपात सोडू नका. वेगळी बांधा, औषध पाजा, लेंडी तपासून मगच मिसळा. नाहीतर दुसऱ्याच्या कळपातले औषधाला न जुमानणारे जंत आपल्या रानात येतात.

औषधाचा गुण आला का, हे लेंडीच सांगते. पाजण्याच्या दिवशी आणि त्यानंतर 10 ते 14 दिवसांनी, त्याच 10-12 मेंढ्यांची ताजी लेंडी वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या, नंबर टाका, उन्हात न ठेवता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवा. दुसऱ्या तपासणीत अंडी फारशी कमी झालेली नसतील तर तो कागद घेऊन दुकानात या. तेच औषध आम्ही पुन्हा देणार नाही. डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या गटातलं देऊ.