अभियांत्रिकी डिझाइन प्रक्रिया आणि विद्यार्थ्यांची कॅड साधने

गरज ओळखणे, मापे, खर्च आणि साहित्य यांच्या मर्यादा ठरवणे, दोन-चार पर्याय कागदावर मांडणे, त्यातल्या एकाचा नमुना करून तो तपासणे आणि चुकले तिथून पुन्हा सुरुवात करणे, या कार्यपद्धतीला अभियांत्रिकी डिझाइन प्रक्रिया म्हणतात. पाठ्यपुस्तकात या पायऱ्या एकामागून एक येतात. काम करताना मात्र चाचणीवरून थेट मूळ प्रश्नापर्यंत मागे यावे लागते, आणि खरे शिक्षण तिथेच होते.

ड्रॉइंग शीट आणि मिनी ड्राफ्टर (हाताने रेषा आखण्याचे साधन) घेऊन काम करताना एक माप बदलले की त्याला जोडलेल्या सगळ्या रेषा खोडाव्या लागत. त्यामुळे फेरबदल जिवावर येई. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ या संगणक प्रोग्रॅममध्ये प्रकाश-पेनने पडद्यावर रेषा काढता येत, दोन रेषा समांतर राहाव्यात अशी अटही घालता येई. कॅड म्हणजे संगणकाच्या मदतीने आराखडे काढणे. आजच्या पॅरामेट्रिक कॅडचे मूळ या अटींमध्ये आहे: एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेला भाग आपोआप बदलतो. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडने आराखडे वैयक्तिक संगणकावर आणले. शाळकरी मुलांसाठी ब्राउझरमध्ये चालणारे टिंकरकॅड सोपे पडते. ठोकळे जोडायचे, नको तिथे भोक पाडायचे, एवढ्यावर सुरुवात होते. पुढच्या टप्प्यावर फ्रीकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर उपयोगी पडते.

पडद्यावर मात्र सगळेच बसते. २० मिमी व्यासाच्या भोकात २० मिमीची खुंटी चित्रात चपखल दिसते, पण थ्रीडी प्रिंटरमधून काढल्यावर ती आत जातच नाही. वितळलेले प्लास्टिक किंचित पसरते आणि भोक सहसा थोडे लहान येते. व्हर्नियर कॅलिपर या बारीक मापे घेणाऱ्या साधनाने दोन्ही भाग मोजायचे, दोन्हींमध्ये साधारण ०.२ ते ०.३ मिमी फट ठेवून पुन्हा छापायचे. ‘टॉलरन्स’ (मापात चालून जाणारा फरक) ही संकल्पना व्याख्या पाठ करण्यापेक्षा या अडकलेल्या खुंटीतून फार लवकर कळते.

भारतात नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब या शाळांमधल्या कार्यशाळांमुळे सहावी ते बारावीच्या अनेक विद्यार्थ्यांपर्यंत थ्रीडी प्रिंटर पोचला आहे. तिथेही संगणकाला हात लावण्याआधी पेन्सिलीने कच्चे चित्र काढून घ्यावे. पडद्यावरचे पहिलेच रेखीव मॉडेल मुलांना पक्के वाटू लागते आणि दुसरा पर्याय सुचायचा राहून जातो.