म्युकरमायकोसिसनंतर आलेले कायमचे अपंगत्व : दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजारातून (‘काळी बुरशी’) वाचलेल्या अनेक रुग्णांचा डोळा, टाळू किंवा वरचा जबडा शस्त्रक्रियेत काढावा लागला. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि मृत झालेला भाग काढून टाकण्यावाचून पर्याय उरत नाही. केंद्र सरकारने मे २०२१मध्ये हा आजार साथरोग कायद्याखाली नोंद करण्याजोगा ठरवण्यास राज्यांना सांगितले होते आणि महाराष्ट्रात त्यावरील उपचारांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत करण्यात आला होता. मात्र ती सारी व्यवस्था उपचारांपुरती होती. उपचारांनंतर शरीरात जी कायमची उणीव राहते तिच्यासाठीचा मार्ग वेगळा असून तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६मधून जातो.

या अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यांत म्युकरमायकोसिस नाही, आणि कोविडही नाही. तपासणी करून टक्केवारी ठरवणारे वैद्यकीय मंडळ आजाराची तीव्रता मोजत नाही. आजाराने मागे काय ठेवले आणि त्यामुळे कोणते कार्य किती टक्के कमी झाले, एवढेच ते मोजते. म्हणून रुग्णाने किती शस्त्रक्रिया सोसल्या, किती इंजेक्शने घेतली किंवा किती खर्च केला यांचा टक्केवारीशी संबंध नसतो. हे कठोर वाटले तरी अर्ज भरण्यापूर्वी समजून घेतलेले बरे, कारण नातेवाइकांची सर्वांत मोठी निराशा येथेच होते.

एक डोळा गेल्यास किती टक्के?

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ६/६ ते ६/१८ (दुसरा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी) या मर्यादेत असेल, तर दृष्टिदोष ३० टक्के धरला जातो. डोळा खोबणीसह काढलेला असो वा जागेवर असून त्याची नस निकामी झालेली असो, दृष्टीच्या तक्त्यात दोन्हींना आकडा तोच लागतो. कायद्याच्या दृष्टीने ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ ४० टक्क्यांपासून सुरू होते आणि शासकीय नोकरीतील आरक्षण, संजय गांधी निराधार अनुदान योजना, आयकरातील वजावट यांसारखे महत्त्वाचे लाभ त्या रेषेच्या पलीकडे आहेत. चेहऱ्याचा अर्धा भाग गमावलेल्या माणसाला ३० टक्क्यांचे प्रमाणपत्र हाती मिळते ते यामुळेच. तक्ता दृष्टीचा आहे, चेहऱ्याचा नाही. आणि विद्रूपतेचा विचार करणारा आम्लहल्लाग्रस्तांचा प्रकार या रुग्णांना लागू होत नाही.

तरीही येथेच थांबण्याचे कारण नाही. या आजाराचे बहुतेक रुग्ण मधुमेही होते आणि मधुमेहाने उरलेल्या डोळ्याचा पडदाही कालांतराने खराब होऊ शकतो. त्या डोळ्याची दृष्टी उत्तम चष्मा लावूनही ६/२४ ते ६/६० इतकी उतरली, तर एकत्रित दृष्टिदोष ३० वरून थेट ६० टक्क्यांवर जातो. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू असेल, तर तो काढता येण्याजोगा असल्याने मंडळ सहसा आधी शस्त्रक्रिया करून घेण्यास सांगेल. त्यामुळे नेत्रतपासणीच्या अहवालात दोन्ही डोळ्यांची स्वतंत्र नोंद, चष्म्यासह मिळणारी दृष्टी, दृष्टिक्षेत्राची तपासणी आणि पडद्याची स्थिती या चारही गोष्टी असाव्यात. ‘डावा डोळा काढला’ एवढ्या एका ओळीचा अहवाल नेणाऱ्याचे नुकसान होते.

टाळू, वाचा आणि मेंदू

वरचा जबडा किंवा टाळूचा भाग काढल्यावर तोंड आणि नाक यांच्यामध्ये वाट राहते. पाणी पिताना ते नाकातून येते आणि बोलणे इतके गेंगाणे होते की फोनवर समोरच्याला शब्द कळत नाहीत. २१ प्रकारांत जबड्यासाठी वेगळा प्रकार नाही, पण वाचा व भाषा दोष हा प्रकार आहे. त्यासाठी वाचा उपचारतज्ज्ञाकडून बोलण्याच्या सुबोधतेची तपासणी करून घ्यावी लागते. टाळूची पोकळी बंद करणारी कृत्रिम प्लेट लावून हाच माणूस बरेच स्पष्ट बोलतो आणि ती काढताच त्याचे बोलणे कळेनासे होते. म्हणून प्लेटसह आणि प्लेटविना अशा दोन्ही स्थितींची नोंद अहवालात मागून घ्यावी. प्लेट घरी ठेवून तपासणीला जाणे, किंवा ती आहे हे लपवणे, दोन्ही टाळावे.

संसर्ग मेंदूपर्यंत किंवा मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीपर्यंत गेला असल्यास पक्षाघात होऊ शकतो. हातापायांत राहिलेली कमजोरी चलनवलनविषयक दिव्यांगत्वात मोजली जाते. गालाचा बधिरपणा, नाकात सतत धरणाऱ्या खपल्या, तोंड पुरेसे न उघडणे हे त्रास खरे आणि दीर्घकाळचे असले तरी त्यांना स्वतंत्र टक्केवारी मिळत नाही. अॅम्फोटेरिसिन-बी या बुरशीविरोधी औषधाने मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर तोही उपचारांचा विषय राहतो, कारण मूत्रपिंडाचा जुना आजार या २१ प्रकारांत नाही.

एकाहून अधिक दोष असतील तर त्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा ‘अ’ आणि लहान आकडा ‘ब’ धरल्यास एकूण टक्केवारी अ + ब × (९० − अ) ÷ ९० या सूत्राने काढतात. समजा, एका डोळ्याचे ३० टक्के आणि वाचादोषाचे २१ टक्के आले, तर ३० + २१ × ६० ÷ ९० म्हणजे ४४ टक्के होतात. ज्या अर्जदाराने केवळ डोळ्याचा प्रकार नोंदवला तो ३० टक्क्यांवर राहतो. ज्याने दोन्ही नोंदवले तो रेषा ओलांडतो. म्हणून अर्जातील दिव्यांगत्वाच्या प्रकाराचा रकाना घाईने भरू नये.

अर्ज केव्हा करावा?

बुरशीविरोधी गोळ्या चालू आहेत, आजार उलटण्याची शक्यता डॉक्टरांनी नाकारलेली नाही किंवा जबड्याची पुनर्रचना व्हायची आहे, अशा स्थितीत मंडळ बहुधा ठरावीक मुदतीचेच प्रमाणपत्र देते. सुधारणेची शक्यता नसेल तेव्हा ते कायमस्वरूपी मिळते. तातडीची गरज असल्यास मुदतीचे प्रमाणपत्र घेण्यात काहीच वावगे नाही. फक्त मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज करावा.

कागदपत्रे

नियमांनुसार ओळखीचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतील छायाचित्र आणि आधार क्रमांक किंवा आधार नोंदणी क्रमांक आवश्यक आहे. रहिवासाचा पुरावाही जवळ असावा. प्रत्यक्षात निर्णय मात्र वैद्यकीय कागदांवर ठरतो. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणी, बुरशीचे निदान करणारा बायोप्सीचा अहवाल, अलीकडचे सीटी किंवा एमआरआय आणि वर सांगितलेले नेत्र, वाचा अथवा मज्जासंस्थेचे अहवाल यांच्या मूळ प्रती व छायाप्रती सोबत न्याव्यात. शस्त्रक्रियेच्या टिपणीत कोणता भाग कुठपर्यंत काढला हे लिहिलेले असते, तर डिस्चार्ज कार्डावर अनेकदा नुसते ‘डिब्रायडमेंट’ (मृत भाग काढणे) एवढेच असते. त्यामुळे टिपणी हाताशी नसेल तर संबंधित रुग्णालयाच्या अभिलेख विभागाकडे लेखी मागणी करावी. कोविड पॉझिटिव्ह असल्याचा अहवाल सापडत नाही म्हणून अर्ज अडवून ठेवू नये, कारण टक्केवारी ठरवताना त्याची गरज नसते.

अर्जाची पद्धत

अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा असतो. माहिती भरून कागदपत्रे जोडल्यावर तपासणीसाठी रुग्णालय निवडावे लागते. अर्जदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो किंवा या दिव्यांगत्वासंबंधी जेथे उपचार झाले त्या शासकीय रुग्णालयातील प्राधिकरणाकडेही करता येतो. गावापासून दूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया झालेल्यांना ही दुसरी सोय मोलाची आहे, कारण त्यांची सारी नोंद तेथेच असते. अर्ज दाखल झाल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा आणि तपासणीच्या दिवशी चष्मा, कृत्रिम डोळा, टाळूची प्लेट या सर्व वस्तूंसह जावे.

२०२४च्या सुधारित नियमांनुसार प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. दोन वर्षांपर्यंत निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय होतो, त्यामुळे पाठपुरावा सोडू नये. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्राचा) रंग टक्केवारीवर ठरतो : ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढरा, ४० ते ७९ टक्क्यांना पिवळा आणि ८० किंवा अधिक टक्क्यांना निळा. प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते.

प्रमाणपत्र नाकारल्यास कारण लेखी कळवणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. नकार किंवा टक्केवारी मान्य नसेल, तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येते. अपिलात केवळ गाऱ्हाणे न मांडता कोणता दोष मोजायचा राहिला हे नेमके लिहावे आणि त्याचा नवा तज्ज्ञ अहवाल जोडावा. पहिल्या तपासणीनंतर उरलेल्या डोळ्याची दृष्टी घटत गेली असेल, तर तो अपिलाचा विषय नसून नव्याने मूल्यमापन मागण्याचा विषय आहे.