रंग नका पाहू, दात पाहा

तालुक्याच्या गावी चौथऱ्यावर एक छोटं लढाऊ विमान उभं आहे. शाळेतली पोट्टी त्याला बिनधास्त मिग म्हणतात. "सर, मिगच हाय नं हे?"

नाही. मिग-२१ हवा घेतं ती नाकातून. तोंडाशी मधोमध शंकू आणि पंख त्रिकोणी. या विमानाला हवेसाठी दोन्ही कुशींना भोकं आहेत आणि मागे झुकलेले पंख खांद्यावर बसवलेत. हे नॅट. रिकाम्या नॅटचं वजन जेमतेम सव्वादोन टन, म्हणजे आपल्या एखाद्या ट्रॅक्टरएवढं! १९५८ पासून ते हवाई दलात आलं, पुढे बंगळूरला बनू लागलं, आणि १९६५ व १९७१ अशी दोन्ही युद्धं लढलं.

पण नॅटांपैकी हे नेमकं कोणतं? शेपटीजवळ क्रमांक आहे की, असं कोणीही म्हणेल. मी त्यावर विसंबणार नाही. चौथऱ्यावर चढलेल्या विमानाला रंगारी दर काही वर्षांनी नवा हात मारतो, आणि क्रमांक चुकला तरी त्याला विचारतो कोण? बैलबाजारात जाणता माणूस रंगवलेल्या शिंगांना भुलत नाही, जबडा उघडून दात पाहतो. विमानाचे दात म्हणजे चाकं मिटतात त्या पोकळीत आणि झाकणांच्या आतल्या बाजूला ठोकलेले आकडे. तेही सगळे जुळत नाहीत. एका विमानाचा पंख दुसऱ्याला बसवणं हे कार्यशाळेत नेहमीचंच. म्हणून धडाचा आकडा ओळख ठरवतो आणि बाकीचे आकडे दुरुस्त्यांची हकिगत सांगतात.

खरा खजिना नोंदवहीत. प्रत्येक वळणावर धातू ताणला जातो, बारीक भेगा वाढत जातात. म्हणून उड्डाणाचा तास न् तास लिहून ठेवावा लागतो. लिहिणाऱ्याच्या मनात इतिहास नव्हता, पुढच्या वैमानिकाचा जीव होता.

एका नॅटला मात्र एवढ्या तपासाची गरजच पडली नाही. ३ सप्टेंबर १९६५ ला ते पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि पकडलं गेलं. आज ते कराचीच्या संग्रहालयात आहे.

नोंदवही हरवली असेल तर रंग थराथरानं घासून पाहतात. पोळ्याला शिंगाचा टवका उडाला की खालून मागच्या सालचा रंग डोकावतो, तसंच.

आपल्याकडे अशा विमानाचे दोन वैरी. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात टायर तडकतात, वैमानिकावरचं पारदर्शक छत धुरकट होतं. मग पावसाळा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट असतो. दोघांमध्ये पाणी साचलं की चक्क बॅटरीसारखा प्रवाह वाहतो आणि पत्रा पोखरला जातो. वरून रंग चकचकीत, आत पांढरी भुकटी! पाणी निघून जावं म्हणून पोटाला बारीक भोकं ठेवलेली असतात, पण ती पाखरांच्या काड्यांनी बुजतात. मृगाच्या आधी तेवढी मोकळी करायला एक तार पुरते.