लसूणघासाची मर: पानं नव्हे, मूळ कापून बघा

लसूणघास हे चारापीक पिवळं पडून वाढ खुंटली की बहुतेक वेळा आधी युरिया पडतो, मग पाणी. पण पेरणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेतात मधूनमधून खुजी रोपं दिसू लागली, बारीक काड्यांचा झुपका आणि वाटीसारखी वळलेली छोटी फिकट पानं असतील, तर कुदळ घ्या. रोप मुळासकट खणून काढा, बुडख्याच्या जरा खाली सोटमूळ आडवं कापा. निरोगी मुळाचा गाभा पांढरट असतो. जिवाणूजन्य मर, म्हणजे जिवाणूंमुळे रोप सुकून मरण्याचा रोग, असेल तर सालीच्या लगेच आत पिवळसर-तपकिरी कडं दिसतं.

कडं तिथेच का? क्लॅव्हिबॅक्टर इन्सिडिओसस हा जिवाणू जखमेतून शिरतो: थंडीने तडकलेलं मूळ, सूत्रकृमींनी (जमिनीतल्या सूक्ष्म कृमींनी) केलेली इजा, कापणीनंतरचे ताजे खुंट. आत तो जलवाहिन्यांत वाढतो. सोटमूळ जाड होत जातं तशा नव्या जलवाहिन्या सालीच्या बाजूला तयार होतात, म्हणून पाण्याचा ताजा मार्ग बाहेरच्या कड्यात असतो आणि रोगाचा रंगही तिथेच उमटतो. जिवाणू लांबलचक साखळ्यांची चिकट बहुशर्करा सोडतो. एका जलवाहिनीतून दुसरीत पाणी जातं ते भिंतीतल्या खाचांच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांमधून. हे रेणू नेमके त्या पडद्यांवर अडकतात. पानातलं बाष्पीभवन पाणी वर ओढत राहतं, पण वाटच तुंबलेली. जमिनीत ओल असून रोप तहानलेलं राहतं. पाणी वाढवून काय होणार?

लागण झालेलं रोप बरं करणारी फवारणी नाही. 'मर हमखास बरी' म्हणणाऱ्या टॉनिकवर पैसे घालवू नका.

कापणी आधी नव्या शेताची, मग जुन्याची, आणि घास ओला असताना कधीच नाही. रोगट शेतातून बाहेर पडताना कापणीच्या अवजाराची पाती धुऊन 1 भाग ब्लीच आणि 9 भाग पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने धुवा, नाहीतर गंज चढतो. वाळलेल्या काड्यांत हा जिवाणू 10 वर्षंही टिकतो, त्यामुळे रोगट शेतातला वाळला चारा निरोगी शेतात पसरू देऊ नका.

खरा उपाय प्रतिकारक वाण. मात्र लसूणघास परपरागित आहे, म्हणजे दुसऱ्या रोपाच्या परागाने बी धरतो, त्यामुळे वाण म्हणजे एकसारखी नव्हे, वेगवेगळ्या जनुकांची रोपं. 'उच्च प्रतिकारक' शिक्क्याचा अर्थ निम्म्याहून अधिक रोपं प्रतिकारक, एवढाच. त्यातही काही रोपं मरतीलच.

विरळ झालेल्या जुन्या शेतात पुन्हा लसूणघास टोकू नका. जिवाणू तिथे आहेच, शिवाय जुन्या रोपांतून सुटणारी रसायनं कोवळ्या रोपांची वाढ रोखतात. शेत नांगरा, 2-3 वर्षं मका किंवा तृणधान्य घ्या आणि आपोआप उगवलेली लसूणघासाची रोपं उपटत राहा.