मोफत वानगी (संकेतस्थळावरील विक्री)

संकेतस्थळ पाहायला आलेल्या माणसाने पैसे मोजून खरेदी करावी, यासाठी विक्रेता मोबदला न घेता जे देतो, त्यास मोफत वानगी म्हणता येईल. मालाचा नमुना, पाठवणीच्या खर्चाची माफी, ठरावीक दिवस विनाशुल्क मिळणारी सेवा, माहितीपुस्तिका आणि मुख्य मालासोबतची जोडवस्तू हे तिचे प्रमुख प्रकार होत. नव्या पिकाचा वानोळा शेजारी देणे किंवा पेठेत गूळ-शेंगदाणे चाखू देणे ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मात्र दुकानात गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावरची शंका दिसते आणि संकेतस्थळावर ती दिसत नाही. म्हणून काय फुकट द्यावे, हे तेथे आधी विचार करून ठरवावे लागते.

विल्यम रिग्ली याने १८९१ मध्ये शिकागो येथे साबणाचा व्यापार सुरू केला आणि साबणासोबत बेकिंग पावडर फुकट दिली. पावडरीलाच मागणी आली तेव्हा तो पावडर विकू लागला व तिच्यासोबत च्युइंगम देऊ लागला. पुढे च्युइंगम हाच त्याचा धंदा झाला. शाम्पानियर, माझर व एरियली या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंची व साध्या चॉकलेटच्या किमती सारख्याच रकमेने उतरवल्या होत्या. किमतींतला फरक तोच राहूनही साधे चॉकलेट फुकट होताच लोकांचा ओढा तिकडे वळला. फुकटाची ही ओढ विक्रेत्याच्या उपयोगी पडते, तशीच त्याला फसवतेही, कारण वस्तू फुकट आहे एवढ्याचसाठी आलेला माणूस ती घेऊन निघून जातो.

यामुळे निवडीचा मुख्य निकष असा की, खरेदीच्या आड येणारी नेमकी शंका वानगीने दूर झाली पाहिजे. सोलापुरातील मालाकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर छायाचित्रात तिच्या नक्षीमुळे ओळखू येते, परंतु तिचा जाडपणा, सुताचा स्पर्श आणि विणीचा घट्टपणा हाताला लागल्याशिवाय कळत नाही. शिवाय अन्यत्र विणलेला मालही याच नावाने विकला जात असल्याने ‘ही खरी सोलापुरीच ना’ हा प्रश्न गिऱ्हाईकाच्या मनात असतोच. अशा ठिकाणी वीतभर कापडाचा तुकडा आणि त्यासोबत अस्सल वीण कशी ओळखावी हे सांगणारे एक पान पाठवणे हीच योग्य वानगी ठरते. किल्ल्यांची साखळी किंवा पेन दिल्याने चादरीविषयी काहीच कळत नाही. टेरी टॉवेलच्या बाबतीत पाणी शोषण्याची परीक्षा घेता येईल एवढा हातरुमाल पुरतो. शेंगा चटणीला चवीची पुडी पुरेशी असते आणि ती हलकी असल्यामुळे पाठवणेही परवडते. शालेय गणवेशाचा घाऊक खरेदीदार मापांच्या खात्रीसाठी अडतो. त्याला वेगवेगळ्या मापांचा नमुनासंच परतीच्या बोलीवर द्यावा आणि तोही जूनमध्ये शाळा उघडण्याच्या पुष्कळ आधी.

पाठवणीची माफी हा सर्वांत परिचित प्रकार आहे, पण चादरीसारख्या वजनदार मालावर तो सरसकट देणे धोक्याचे असते. कुरिअरचा दर वजनावर चढत जातो, म्हणून जोडीवर किंवा ठरावीक रकमेपुढेच माफी ठेवणे हिताचे. हिशेब एकूण खर्चावर करावा लागतो. समजा, एक नमुना पाठवण्यास ३० रुपये लागले आणि १०० नमुन्यांमागे १२ जणांनी चादर घेतली, तर प्रत्येक गिऱ्हाईक २५० रुपयांना पडले. चादरीवरचा नफा त्याहून कमी असल्यास, आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येण्याची आशा नसल्यास, योजना तोट्याची आहे. हा साधा भागाकार न केल्याने मोठ्या कंपन्याही तोट्यात आल्या आहेत. ब्रिटनमध्ये व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या हूवर कंपनीने १९९२ मध्ये १०० पौंडांच्या खरेदीवर विमानाची जाण्यायेण्याची तिकिटे देऊ केली. लोकांनी तिकिटांसाठीच माल घेतला आणि कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा फटका बसला.

भारतात या व्यवहाराला कायद्याचीही चौकट आहे. किमतीत आधीच धरलेली वस्तू फुकट असल्याचा भास निर्माण करणे, तसेच देण्याचा इरादा नसताना भेट जाहीर करणे, ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. विनाशुल्क सेवेच्या आडून वर्गणीत अडकवणे किंवा न मागितलेली वस्तू खरेदीच्या यादीत घुसवणे यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. फुकट नमुन्यांवर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. ‘एकावर एक मोफत’ ही योजना मात्र एका किमतीत दोन वस्तूंची विक्री मानली जाते. नमुना पाठवण्यासाठी घेतलेला भ्रमणध्वनी क्रमांक पुढे जाहिरातींसाठी वापरायचा असेल, तर त्यासाठी वेगळी संमती आधीच मागावी. पत्ता नमुन्यासाठी दिला म्हणजे रोजच्या संदेशांना होकार दिला, असे धरता येत नाही.