धुराचा ध्वज

ऑक्टोबर २०२४च्या मध्यात त्सुचिन्शान-अ‍ॅटलास हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. ढगांनी साथ दिली तिथे महाराष्ट्रातूनही त्याचे फोटो निघाले. त्या दिवसांतले, विशेषतः १३-१४ तारखेच्या आसपासचे जगभरातले फोटो पाहिले की एक गोष्ट खटकते. धूमकेतूच्या डोक्यापासून लांबलचक शेपटी वर, सूर्यापासून दूर गेलेली आहे. आणि बरोबर उलट बाजूला, नुकत्याच मावळलेल्या सूर्याकडे, सुईसारखी एक बारीक रेघ निघालेली आहे. दोन्ही बाजूंना शेपटी कशी?

आपल्या घोटाळ्याची सुरुवात शब्दापासून होते. जुनी माणसं धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत. शेंडी डोक्याच्या मागे असते, शेपटी जनावराच्या मागे असते. त्यामुळे धूमकेतू पुढे धावतोय आणि शेपटी मागून ओढली जातेय, असं चित्र आपोआप मनात उभं राहतं. स्कूटरवरच्या मुलीची ओढणी मागे उडते तसं. पण ओढणी मागे उडते ती समोरच्या हवेमुळे, आणि अवकाशात हवा नाही. मला ‘धूमकेतू’ हाच शब्द जास्त खरा वाटतो. केतू म्हणजे ध्वज. देवळाच्या शिखरावरचा ध्वज वारा कुठून येतोय ते सांगतो; धुराचा हा ध्वजही तेच सांगतो. त्याचा वारा येतो सूर्याकडून.

म्हणून धूमकेतू सूर्याकडे येत असताना शेपटी त्याच्या मागे असते. पण सूर्याला वळसा घालून तो परत निघाला की शेपटी पुढे होते, आणि धूमकेतू तिच्या मागून चालतो! शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, हे चीनमधल्या निरीक्षकांनी नवव्या शतकातच टिपलं होतं. युरोपात १५३१ साली दिसलेल्या धूमकेतूवरून पीटर आपियान यांनी तेच दाखवलं. तो धूमकेतू पुढे हॅलेच्या नावाने ओळखला गेला.

मुळात धूमकेतूचं केंद्रक अगदीच लहान असतं. हॅलेचं केंद्रक साधारण १५ किलोमीटर लांब आहे. रोझेटा यानाने २०१४ ते २०१६ या काळात ज्याच्या सोबतीने प्रवास केला, त्या ६७पी धूमकेतूचं केंद्रक जेमतेम चार किलोमीटरचं. बर्फ आणि धूळ यांचा हा गोळा वरून कोळशासारखा काळा असतो. देवघरातला कापूर उघडा राहिला तर पाणी न होता तसाच उडून जातो. केंद्रकातल्या बर्फाचंही सूर्याच्या उबेने तेच होतं. याला संप्लवन म्हणतात. सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे तिप्पट अंतराच्या आत आल्यावर पाण्याच्या बर्फाचं संप्लवन जोर धरतं. सुटलेली वाफ धुळीलाही बरोबर घेऊन बाहेर पडते. एवढ्याशा गोळ्याचं गुरुत्वाकर्षण ती धरून ठेवू शकत नाही, आणि भोवती लाखभर किलोमीटरचं धूसर वेष्टन तयार होतं.

इथून धूळ आणि वायू यांच्या वाटा वेगळ्या होतात.

धुळीला ढकलतो तो सूर्यप्रकाशच. प्रकाशालाही दाब असतो. केप्लरने सतराव्या शतकातच अशी शंका घेतली होती; प्रयोगशाळेत तो दाब मोजला गेला थेट १९००च्या सुमारास, रशियात प्योतर लेबेदेव यांच्याकडून. खळ्यावर उफणणी करताना दाणे जवळ पडतात आणि भूस लांब उडतं. प्रकाशाचा दाबही धूळ अशीच निवडतो. बारीक कण दूर ढकलले जातात, भरड कण धूमकेतूच्या कक्षेजवळच रेंगाळतात. दूर गेलेले कण सूर्याभोवती फिरण्यात मागे पडत जातात, म्हणून ही शेपटी रुंद आणि बाकदार होते. ती चमकते ती सूर्यप्रकाश परावर्तित करून, त्यामुळे रंग पिवळसर पांढरा.

वायूची शेपटी सरळ, बारीक आणि निळसर असते. अतिनील किरणांनी रेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात, रेणू विद्युतभारित होतात. निळा रंग मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडच्या अशा आयनांचा. त्यांना इतक्या वेगाने पळवतं कोण, या प्रश्नाचा इतिहास मला सगळ्यात आवडतो. या शेपटीतल्या गाठी कशा पळतात हे पाहताना जर्मनीच्या लुडविग बिअरमान यांच्या लक्षात आलं की एवढ्या त्वरणाला प्रकाशाचा दाब पुरणार नाही. १९५१ साली त्यांनी निष्कर्ष काढला की सूर्यातून सगळ्या दिशांना, अखंड, विद्युतभारित कणांचा प्रवाह वाहत असला पाहिजे. १९५८ साली युजीन पार्कर यांनी त्याचा सिद्धांत मांडला आणि त्याला सौरवात हे नाव मिळालं. १९६२ साली शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने तो अखंड वाहत असल्याचं मोजून दाखवलं. म्हणजे यानं पोचायच्या आधी, सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने वाहणारा हा वारा माणसाने ओळखला तो धुराच्या ध्वजाकडे बघून. आज आपल्या आदित्य-एल१ वरचं अ‍ॅस्पेक्स हे उपकरण त्याच वाऱ्याचे कण मोजतंय.

हा वारा आपल्यासोबत सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही आणतो. वाहत्या पाण्यात रोवलेल्या खांबाला कापड अडकावं तसं ते धूमकेतूच्या डोक्याभोवती लपेटतं, आणि आयन त्याच्या धाग्यांवरून मागे वाहत जातात. वाऱ्याचं वादळ झालं तर ध्वज फाटतोही. एप्रिल २००७ मध्ये सूर्यावरच्या एका उद्रेकाने एंके धूमकेतूची आयनांची शेपटी अख्खी तोडून नेली. स्टीरिओ यानाच्या कॅमेऱ्यात ते सगळं नोंदलं गेलं, आणि मागोमाग नवी शेपटी वाढू लागलेलीही दिसली.

मग २०२४च्या त्या फोटोतली सूर्याकडची रेघ? ती उफणणीत मागे राहिलेल्या भरड दाण्यांची. हे कण धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलात पातळ थराने पसरलेले असतात. थाळी समोरून पाहिली तर गोल दिसते, कडेने पाहिली तर नुसती रेघ. त्या दिवसांत पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेचं प्रतल ओलांडत होती, म्हणून एरवी विरळपणामुळे नजरेत न भरणारा थर कडेने दिसला आणि उजळ झाला. धूळ सूर्याकडे निघाली नव्हतीच. धूमकेतूच्या मागच्या वाटेवर पडलेली ती धूळ आपल्या जागेवरून सूर्याच्या बाजूला दिसत होती. पृथ्वी पुढे सरकली, कोन बदलला, आणि थोड्याच दिवसांत रेघ पुसट होत गेली.